पीटर ग्रीस: बिअरच्या कारखान्यातला केमिस्ट आणि कोल्हापूरच्या हवेतला एनओटू

फोनवर एअर क्वालिटीचं कुठलंही ॲप उघडा. पीएम २.५, पीएम १०, ओझोन यांच्या रांगेत एनओटू नावाचा एक आकडा असतो. एनओटू म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. गाडीचं इंजिन, डिझेल जनरेटर, बॉयलर, भट्टी, जिथे जिथे हवा प्रचंड तापते तिथे हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. आधी मुख्यतः एनओ तयार होतो आणि बाहेर पडल्यावर त्याचा एनओटू होतो. हा वायू श्वासनलिकेला त्रास देतो, दमा असणाऱ्यांना जास्तच. उन्हात त्याच्यामुळे जमिनीलगतचा ओझोनही वाढतो.

आता गंमत बघा. रस्त्यावरच्या हवेत हा वायू इतका थोडा असतो की डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. मग तो मोजतात कसा?

कोल्हापुरात हवा मोजायची तीन ठिकाणं सरकारी यादीत वर्षानुवर्षं आहेत: शिवाजी विद्यापीठाचा परिसर, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी हे काम विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने केलं आहे. अशा मॅन्युअल स्टेशनवर एनओटू मोजायची पद्धत ऐकली तर आधी विश्वास बसत नाही. हवा एका बाटलीतल्या द्रावणातून बुडबुड्यांनी सोडायची, बाटली लॅबमध्ये न्यायची, त्यात दोन-तीन केमिकल्स घालायची आणि पाणी किती गुलाबी झालं ते बघायचं. जितकं गुलाबी, तितका एनओटू.

या गुलाबी रंगामागचा माणूस म्हणजे योहान पीटर ग्रीस. नाव वाचून कुणाला देश आठवेल, कुणाला बेअरिंगला लावायचं ग्रीस. पण जगातल्या कितीतरी केमिस्ट्री लॅबमध्ये ग्रीस रिएजंट या नावाने तो आजही हजर असतो.

उनाड विद्यार्थी

ग्रीसचा जन्म ६ सप्टेंबर १८२९चा. गाव किर्शहोसबाख, आजच्या जर्मनीतल्या हेसे भागातलं एक छोटं खेडं. वडील शेती करायचे आणि लोहारकामही. पोरानं शेती बघावी अशी घरच्यांची अपेक्षा असणार, पण त्याचं मन तिथे रमलं नाही. १८५०मध्ये तो येना विद्यापीठात गेला आणि पुढच्याच वर्षी मारबुर्गला.

तिथे अभ्यास कमी आणि धिंगाणा जास्त. त्या काळात जर्मन विद्यापीठांची स्वतःची कोठडी असायची, दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे डांबून ठेवत. ग्रीस तिथे एकदा नाही, अनेकदा जाऊन आला. एकदा तर त्याला वर्षभरासाठी शहरातूनच हाकलून दिलं. भडक रंगांचे कपडे घालून फिरणारा मुलगा म्हणूनही तो ओळखला जायचा. इकडे गावी त्याच्या खर्चापायी घरची बरीचशी मालमत्ता विकली जात होती.

हाकलून दिलेलं ते वर्ष मात्र फुकट गेलं नाही. तो म्युनिकला गेला आणि तिथे युस्टुस लीबिग या त्या काळातल्या मोठ्या केमिस्टची लेक्चर्स ऐकली. पुढे १८५६मध्ये त्याला ओफनबाख गावात ओएलर यांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. तिथे कोलटारपासून, म्हणजे कोळशातून निघणाऱ्या डांबरापासून, केमिकल्स बनवत. कोलटार हा तेव्हाचा नवा धंदा होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम पर्किनने कोलटारमधून मिळणाऱ्या ॲनिलीनपासून जांभळा रंग बनवला होता आणि कृत्रिम रंगांची लाट सुरू होणार होती.

पण १८५७मध्ये ओफनबाखच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि काम बंद पडलं. नोकरी गेली, घरचा पैसाही संपत आलेला. ग्रीस पुन्हा मारबुर्गला आला, हेर्मान कोल्बे यांच्या लॅबमध्ये. परत आलेला ग्रीस वेगळा होता. कपडे तसेच भडक, पण आता तो लॅबमधून हलत नव्हता.

थंड भांड्यातला शोध

त्या लॅबमध्ये त्याने जे केलं, ते तुम्ही बारावीच्या केमिस्ट्रीत अमाइन्सच्या धड्यात वाचलेलं असतं, फक्त त्याचं नाव लक्षात राहत नाही.

अमाइन नावाच्या पदार्थांवर नायट्रस ॲसिडची क्रिया केली की काय होतं, हे तेव्हाच्या केमिस्ट्सना माहीत होतं. नायट्रोजनचा बुडबुडा होऊन तो निघून जातो आणि वेगळाच पदार्थ उरतो. ग्रीसने तीच क्रिया एका अमाइनवर थंडीत केली. थंड ठेवल्यामुळे नायट्रोजन निघून गेलाच नाही. एकमेकांना धरून बसलेल्या दोन नायट्रोजन अणूंचा एक नवाच पदार्थ तयार झाला. १८५८मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. फ्रेंचमध्ये नायट्रोजनला अझोट म्हणतात आणि दोन म्हणून डाय, त्यावरून या पदार्थांना डायझो म्हणू लागले.

डायझो पदार्थ नाजूक असतात. गरम झाले तर फुटतात, सुकवले तर काहींचा स्फोट होतो. पण थंड द्रावणात ते दुसऱ्या एका प्रकारच्या रेणूला पटकन जाऊन चिकटतात आणि चिकटले की भडक रंग तयार होतो: पिवळा, नारिंगी, लाल, तपकिरी. हेच अझो रंग. आज जगात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून जास्त या एकाच कुळातले आहेत. इचलकरंजीत यंत्रमागावर विणलेल्या कापडाला रंग चढतो, तेव्हा त्यातले कितीतरी रंग याच कुळातून आलेले असतात. पूर्वी इंजिनिअर आणि आर्किटेक्ट ड्रॉइंगच्या ज्या अमोनिया प्रिंट काढायचे, त्यांचा रंगसुद्धा डायझोचाच.

लंडन आणि मग बिअर

ग्रीसचं काम आउगुस्ट हॉफमान यांच्या नजरेत आलं. हॉफमान जर्मन, पण तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचे प्रमुख होते. त्यांनी ग्रीसला लंडनला बोलावून घेतलं. खेड्यातल्या या पोराला परक्या देशात रुळायला वेळ लागला, पण काम जोरात सुरू राहिलं. एकामागून एक नवे डायझो पदार्थ त्याने शोधले.

मग १८६२मध्ये त्याने एक वेगळाच निर्णय घेतला. लंडन सोडून तो बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी गेला, ऑलसॉप कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून.

या गावाचा आपल्याशी जुना संबंध आहे. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर असतं आणि त्या पाण्यात फिकट, कडवट बिअर छान जमते. ऑलसॉपने १८२०च्या दशकात अशी बिअर खास भारतात पाठवायला सुरुवात केली. मुंबई-कलकत्त्यातल्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजं भरून पिंपं यायची. इंडिया पेल एल हे नाव त्यावरूनच पडलं.

अशा कारखान्यात ग्रीसचं रोजचं काम पाणी, धान्य आणि बिअर तपासायचं. डायझोवरचं संशोधन उरलेल्या वेळात. आजच्या भाषेत सांगायचं तर दिवसा कंपनीचा जॉब आणि रात्री साइड प्रोजेक्ट. फरक एवढाच, की हा साइड प्रोजेक्ट आयुष्यभर चालला आणि त्याचे बहुतेक शोधनिबंध याच नोकरीच्या काळातले आहेत. १८६८मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं. १८६९मध्ये त्याचं इंग्लंडमध्येच लुईझा मेसन हिच्याशी लग्न झालं. जर्मनीत रंगांचे कारखाने झपाट्याने वाढत होते आणि बीएएसएफकडून त्याला बोलावणंही आलं होतं. पण तो बर्टन सोडून गेला नाही.

रेसिपी उलटी फिरवली

आता येतो तो भाग, ज्यामुळे ग्रीसचा हवेशी संबंध जोडला जातो.

रंग बनवताना तीन गोष्टी लागतात: एक अमाइन, नायट्राइट आणि ज्याला चिकटायचं तो तिसरा रेणू. कारखान्यात तिन्ही गोष्टी पिंपभर असतात. ग्रीसच्या लक्षात आलं, की यातल्या दोन भरपूर ठेवल्या आणि नायट्राइट बाहेरून येऊ दिलं, तर रंग किती उमटणार हे फक्त नायट्राइट किती आलं यावर ठरतं. एक नायट्राइट आला की रंगाचा एक रेणू तयार. म्हणजे रंग बनवायची रेसिपी उलटी फिरवली की ती मोजायचं यंत्र होते. कोडच्या भाषेत, नायट्राइट हा काउंटर आणि रंग हा त्याचा डिस्प्ले.

१८७९मध्ये त्याने यासाठी सल्फॅनिलिक ॲसिड आणि नॅफ्थिलअमाइन ही जोडी सुचवली. पाण्यात नायट्राइटचा अगदी बारीक अंश असला तरी लाल-गुलाबी रंग उमटतो. सांडपाणी मिसळलेल्या विहिरीत नायट्राइट सापडतं, त्यामुळे पिण्याचं पाणी तपासायला हे हत्यार लगेच कामाला आलं. आपल्या लाळेतही नायट्राइट असतं, तिच्यानेही हा रंग येतो. आज पॅथॉलॉजी लॅबमध्ये युरिन इन्फेक्शनसाठी जी पट्टी बुडवतात, तिच्यावरचा नायट्राइटचा गुलाबी चौकोन हा ग्रीसचाच वारसा.

३० ऑगस्ट १८८८ रोजी इंग्लंडच्या बोर्नमथ गावी ग्रीस वारला. वय ५८. शेवटपर्यंत तो ऑलसॉपच्याच नोकरीत होता. हवेतला एनओटू मोजायची सरकारी व्यवस्था तेव्हा कुठे नव्हती.

बाटलीतली हवा

विसाव्या शतकात शहरं मोटारींनी भरली आणि हवेतला एनओटू मोजायची गरज पडली. एनओटू पाण्यात विरघळला की त्यातून नायट्राइट मिळतं आणि नायट्राइट मोजायची पद्धत तर तयारच होती. १९५४मध्ये अमेरिकेत सॉल्ट्झमनने ग्रीसच्या केमिकल्समधून थेट हवा सोडायची पद्धत दिली. पण त्यात रंग लगेच उमटतो आणि फार वेळ टिकत नाही. १९५८मध्ये जेकब्स आणि हॉकहायझर यांनी दोन टप्पे वेगळे केले. आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात एनओटू अडकवायचा आणि मग सवडीने लॅबमध्ये रंग काढायचा.

आपल्याकडे याचीच सुधारलेली आवृत्ती वापरतात. बाटलीला इम्पिंजर म्हणतात. तिच्यात ३० मिलिलिटर द्रावण असतं, एक लिटर पाण्याला ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १ ग्रॅम सोडियम आर्सेनाइट या हिशेबाने बनवलेलं. पंप मिनिटाला साधारण १ लिटर हवा त्यातून ओढतो. चार तासांनी बाटली बदलायची, असं २४ तास चालतं. मॅन्युअल स्टेशनवर हे आठवड्यातून दोनदा करायचं, म्हणजे वर्षाला १०४ दिवस.

लॅबमध्ये आधी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, म्हणजे हवेतून आलेला सल्फर डायऑक्साइड मध्ये लुडबुड करत नाही. मग सल्फॅनिलमाइड आणि एनईडीए. ही ग्रीसच्या मूळ जोडीच्या जागी आलेली नवी जोडी. दहा मिनिटांत गुलाबी रंग येतो. तो डोळ्यांनी ठरवत नाहीत. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश त्यातून सोडतात आणि किती शोषला गेला ते मोजतात.

हिशेब करून बघू. चार तासांत २४० लिटर हवा जाते. समजा हवेत दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम एनओटू आहे. मग त्या हवेत एकूण ९.६ मायक्रोग्रॅम एनओटू आला. मिठाचा एक दाणा साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. म्हणजे एका दाण्याच्या सहाव्या भागाहूनही कमी ऐवज ३० मिलिलिटर पाण्यात आहे आणि तो रंगावरून मोजायचाय!

त्यातही आलेला सगळा एनओटू नायट्राइट म्हणून हाती लागत नाही. आपल्या पद्धतीत शंभरातले ८२ हाती लागतात असं धरतात आणि शेवटच्या उत्तराला ०.८२ने भागतात. हा छोटासा आकडा दिसतो तितका साधा नाही. आर्सेनाइट नसलेल्या मूळ पद्धतीत अमेरिकेने असाच एक ठरावीक आकडा, ०.३५, धरला होता. १९७१मध्ये ती तिथली अधिकृत पद्धत झाली. नंतर लक्षात आलं, की पकड ठरावीक नाहीच. हवा स्वच्छ असली तर जास्त एनओटू पकडला जातो, घाण असली तर कमी. म्हणजे स्वच्छ जागी आकडा फुगत होता आणि जिथे खरी गरज तिथे दबत होता. ती पद्धत मागे घ्यावी लागली. ग्रीसचा रंग यात कुठेच चुकला नव्हता, चूक हवा पकडण्याच्या टप्प्यात होती.

रंग आला, पण कशामुळे?

ग्रीसच्या नावाशी जोडलेली एक वाईट गोष्टही सांगायला हवी. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅममध्ये दोन पबमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि २१ माणसं मेली. पोलिसांनी सहा आयरिश माणसांना पकडलं. त्यांच्यातल्या काहींच्या हातांवर ग्रीस टेस्ट केली आणि गुलाबी रंग आला. नायट्रोग्लिसरीन या स्फोटकातून नायट्राइट निघतं, म्हणून हा मोठा पुरावा मानला गेला. १९७५मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली.

पण ही माणसं पकडली जाण्याआधी ट्रेनमध्ये पत्ते खेळत होती. पत्त्यांना चकाकी यावी म्हणून नायट्रोसेल्युलोजचा थर देत आणि त्यानेही ग्रीस टेस्ट गुलाबी होऊ शकते, हे पुढे दाखवलं गेलं. पोलिसांच्या पुराव्यांतलेही घोळ बाहेर आले आणि १९९१मध्ये सहाही जण सुटले. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

टेस्ट फक्त एवढंच सांगते, की इथे नायट्राइट आहे. ते कुठून आलं हे टेस्टला माहीत नसतं. हे शोधणं माणसाचं काम आहे.

मशीन आलं, प्रश्न तेच

आता मोठ्या शहरांत कंटिन्युअस स्टेशन्स आहेत. त्यात केमिल्युमिनेसन्स पद्धत असते. एनओ आणि ओझोन एकत्र आले की थोडा प्रकाश पडतो, तो मोजायचा. एनओटू मोजण्यासाठी त्याचा आधी तापलेल्या मॉलिब्डेनमवरून एनओ करून घेतात. आकडा लगेच मिळतो, रात्रंदिवस मिळतो. पण इथेही पकडीचा प्रश्न आहेच. मॉलिब्डेनम नायट्रिक ॲसिडसारख्या इतर काही पदार्थांचंही एनओ करतं, त्यामुळे एनओटू थोडा जास्त दिसू शकतो. भारताच्या २००९च्या मानकांत बाटलीची आणि ही, दोन्ही पद्धती मान्य आहेत. मर्यादा अशी: निवासी आणि औद्योगिक भागात वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम, २४ तासांची ८०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये वार्षिक आकडा १० असावा असं सुचवलं आहे.

२०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरही आहे. त्यामुळे हवेचे आकडे आता बातम्यांत, भाषणांत आणि फॉरवर्डमध्ये येत राहणार. पुढच्या वेळी ॲपवर एनओटू दिसला तर तीन गोष्टी तपासा.

एक, हे मोजलेलं आहे की अंदाज? जवळ कंटिन्युअस स्टेशन नसेल तर बरीच ॲप्स सॅटेलाइट आणि कॉम्प्युटर मॉडेलवरून आकडा काढतात. ॲपमध्ये स्टेशनचं नाव आहे का बघा. नसेल तर तो तुमच्या चौकातला आकडा नाही.

दोन, किती वेळाची सरासरी? बाटलीची पद्धत चार-चार तासांचा हिशेब देते. महाद्वार रोडवर संध्याकाळी तासभर गाड्या अडकल्या तर ते त्यात विरघळून जातं.

तीन, एकूण एक्यूआय बघताय की एनओटू? आपल्या एक्यूआयमध्ये ज्या प्रदूषकाचा इंडेक्स सगळ्यात जास्त, तोच अंतिम आकडा म्हणून दाखवतात. बहुतेक वेळा ती जागा धूळ घेते आणि एनओटू तिच्यामागे लपतो. म्हणून आतल्या ओळी उघडून बघा.

ग्रीसची पद्धत दीडशे वर्षांपूर्वीची, स्वस्त आणि हळू आहे. तरी जिथे महागडं मशीन नाही, तिथे वर्षानुवर्षांचा एनओटूचा रेकॉर्ड तिनेच तयार केलाय. तो किती खरा, हे पंपाचा वेग कुणी तपासला, बाटली वेळेत लॅबमध्ये पोचली का आणि ०.८२ने भागलं का, यावर ठरतं. हवेची वार्षिक आकडेवारी मंडळाच्या वेबसाइटवर असते, फोनवरही उघडते. आपल्या जवळच्या स्टेशनची मागच्या काही वर्षांची ओळ एकदा काढून बघाच.